टेबल केलं, म्हणजे नक्की काय केलं?

प्रश्न : मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमचे क्लायंट शिकागोचे. परवाच्या कॉलवर त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, 'लेट्स टेबल द टेस्टिंग प्लॅन.' मी लगेच स्क्रीनवर प्लॅन उघडून बोलायला लागले. पलीकडे सगळे गप्प. नंतर मॅनेजर म्हणाले, त्यांना तो विषय आत्ता नकोच होता! पण 'अहवाल टेबल केला' म्हणजे मांडला, असंच मी पेपरात वाचत आले आहे. मग चुकलं कुणाचं?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : कुणाचंच नाही. तुम्ही दिल्ली-मुंबईचं इंग्रजी ऐकलंत, बाई शिकागोचं बोलल्या.

माझी सगळी नोकरी विधानमंडळात प्रतिवेदक म्हणून झाली. सभागृहात कोण काय बोललं ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं, हे आमचं काम. मंत्री उठायचे, 'अध्यक्ष महोदय, आपल्या अनुमतीने मी अमुक महामंडळाचा वार्षिक अहवाल सभागृहासमोर ठेवतो' म्हणायचे आणि बसायचे. 'अध्यक्ष महोदय, आपल्या अनुमतीने' एवढ्याला माझ्याकडे एकच फराटा होता, त्यामुळे लक्ष फक्त महामंडळाच्या नावाकडे. पेपरवाले ह्यालाच 'पटलावर ठेवला' म्हणतात, इंग्रजीत 'टेबल केला'. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो, वेळेअभावी राहून गेला, तर त्याचं लेखी उत्तरही असंच पटलावर जातं. म्हणजे कागद सभागृहाचा झाला, आता कुणीही वाचावा, त्यावर बोलावं. ही वेस्टमिन्स्टरची, म्हणजे ब्रिटिश संसदेची रीत. आपल्यासारखीच कॅनडाच्या संसदेतही चालते.

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात बरोब्बर उलटं. तिथे 'ले ऑन द टेबल' असा ठराव आला की त्यावर चर्चा नाही, थेट मतदान. आणि तो मंजूर झाला की मूळ प्रस्ताव निकालात. आपल्या महापालिकेत नको असलेला विषय 'दप्तरी दाखल' करतात ना, तेच. ऑफिसातल्या बोलण्यात मात्र इतकं टोक नसतं. 'तूर्त राहू दे, पुढे बघू' एवढाच त्या बाईंचा अर्थ. (टेबलाखालून जे चालतं त्याचा अर्थ मात्र सगळीकडे एकच!)

ह्या शब्दाने भल्याभल्यांना चकवलंय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना एक टिपण तातडीनं चर्चेला घ्यायचं होतं, म्हणून ते म्हणाले, हे टेबल करू. अमेरिकी अधिकाऱ्यांना वाटलं, ह्यांना ते ड्रॉवरमध्ये टाकायचंय. दोघांनाही तो विषय हवाच होता, तरी चांगलीच जुंपली. चर्चिलनी आपल्या युद्धस्मृतींत हे लिहून ठेवलंय.

शिकागोशी बोलताना आणि उद्या लंडनचा क्लायंट आला तर त्याच्याशीही, तुम्ही स्वतः हा शब्द वापरूच नका. घ्यायचं असेल तर 'डिस्कस नाऊ', ढकलायचं असेल तर 'पोस्टपोन'. समोरच्यानं वापरला, तर 'आत्ता की नंतर?' असं सरळ विचारावं, त्यात कमीपणा काही नाही. मिनिट्समध्येही नुसतं 'टेबल्ड' लिहून सोडू नका. विषय कोणत्या तारखेला परत घ्यायचा, ते लिहा. तारीख द्यायला कुणीच तयार नसेल, तर प्लॅन दप्तरी दाखल झाला असं समजायला हरकत नाही.