नोकरी सोडून ट्रक चालवायला शिकू का? आधी तब्येत, मग फी

प्रश्न: वय 41. रक्तदाबाची गोळी सुरू आहे. एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करतो. काम हळूहळू सॉफ्टवेअरकडे चाललं आहे आणि माझंही मन त्यात उरलेलं नाही. जड वाहन चालवायला शिकून मालवाहतुकीत शिरायचं ठरवतो आहे. पत्नी नोकरी करते, दोन मुलं शाळेत आहेत, घराचं कर्ज चालू आहे. प्रशिक्षणाची फी बचतीतून भरू, की फी भरणाऱ्या वाहतूक कंपनीशी एक वर्षाचा करार करू? शिवाय पहिल्या दिवसापासून हप्त्यावर स्वतःचा ट्रक देणारी एक योजनाही समोर आली आहे. तिचं काय करू? आणि पुढे चालकाविना चालणारे स्वयंचलित ट्रक आले तर या कामाचं काय होईल?

उत्तर: तुमचा बेत मला पटतो. चाळिशीनंतर हातात नवं कौशल्य घेणारा माणूस माझ्याकडे आला की मला मनापासून आनंद होतो. ड्रायव्हरच्या कामाला कमी लेखणाऱ्यांचं तर मुळीच ऐकू नका. माझी हरकत तुमच्या क्रमाला आहे. तुम्ही फीपासून सुरुवात केली. या पेशात खरी मिळकत देणारी गोष्ट लायसन्स आहे, आणि ते लायसन्स तुमच्या शरीरावर अवलंबून असतं. म्हणून पहिला खर्च वैद्यकीय तपासणीचा करा, आणि तोही फीचा पहिला हप्ता भरण्याच्या आधी.

जड वाहनाचे वैद्यकीय निकष कारपेक्षा बरेच कडक असतात. दृष्टी, ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, हृदय, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, फिट येण्याचा इतिहास, सगळं पाहिलं जातं. ब्रिटनमध्ये फिट्सचा आजार असलेल्याला ट्रकचं लायसन्स हवं असेल, तर औषधाविना सलग दहा वर्षं एकही फिट आलेली नसावी लागते. अमेरिकेत ड्रायव्हरचं वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त 24 महिने चालतं आणि रक्तदाबाचा त्रास असेल तर मुदत आणखी कमी मिळते. भारतात व्यावसायिक वाहनाचं लायसन्स पाच-पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतं. म्हणजे ही परीक्षा एकदा देऊन संपत नाही, निवृत्तीपर्यंत देत राहावी लागते. तुम्ही रक्तदाबाची गोळी सुरू असल्याचं पत्रात एका ओळीत लिहिलं आहे. ती ओळ मला संपूर्ण पत्रात सगळ्यात महत्त्वाची वाटली. गोळीने दाब आटोक्यात असेल तर बहुधा अडचण येणार नाही, पण ते अधिकृत तपासणी करणाऱ्या डॉक्टरने सांगू द्या. तपासणीचा खर्च फीच्या तुलनेत नगण्य आहे. उलट, फी भरून झाल्यावर अपात्र ठरलात तर ती परत मिळवताना नाकी नऊ येतील.

आता हिशेब. चलन बाजूला ठेवू आणि तुमच्या घरचा महिन्याचा खर्च 100 धरू. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमचा पगार 70 येतो, पत्नीचा 40. कर्जाचा हप्ता 100 मध्येच आहे, त्यामुळे महिन्याला 10 शिल्लक पडतात. बचत 800, म्हणजे आठ महिन्यांचा घरखर्च. प्रशिक्षणाची फी तुमच्या तीन पगारांएवढी, म्हणजे 210.

तुम्ही बचतीतून फी वजा केली, 590 उरले आणि जीव भांड्यात पडला. पण फी हा या बदलातला सर्वांत मोठा खर्च नाही. राजीनाम्यापासून पहिला नवा पगार हातात येईपर्यंत प्रशिक्षण, चाचणी, कागदपत्रं आणि नोकरीचा शोध यांत चार महिने सहज जातात. त्या काळात घरात फक्त 40 येतात आणि 100 जातात. दर महिन्याला 60 प्रमाणे 240 गेले. नवख्या ड्रायव्हरला सुरुवातीला पूर्ण पगार मिळत नाही. पहिले सहा महिने 55 धरा. पत्नीचे 40 मिळून 95 येतात, म्हणजे खर्चापेक्षा दरमहा 5 कमी, एकूण 30. बाहेरचं जेवण, आंघोळीची सोय, फोन, कपडे असा रस्त्यावरचा खर्च महिन्याला 8 धरला तर सहा महिन्यांचे 48. फी धरून बेरीज 528. शिल्लक 272, म्हणजे पावणेतीन महिन्यांचा घरखर्च. घराचं कर्ज आणि दोन मुलं असलेल्या कुटुंबासाठी, उत्पन्न अजून स्थिरावलेलं नसताना, मला किमान 400 हवेत.

त्यामुळे फी कोण भरतो यापेक्षा राजीनामा कधी देता हा प्रश्न मोठा आहे. नोकरी चालू ठेवून शिकता येईल अशी शाळा शोधा. लेखी परीक्षेची तयारी संध्याकाळी, गाडीवरचा सराव शनिवार-रविवारी, चाचणीसाठी साठलेली रजा. राजीनामा लायसन्स हातात आल्यावर. असं केलंत तर बिनपगाराचा काळ चारवरून दोन महिन्यांवर येतो, 120 वाचतात आणि शिल्लक 392 होते. शिकण्यात जे दोन-तीन महिने जास्त लागतील, त्यात महिन्याचे 10 पडतच राहतील. 400 चा आकडा तिथे गाठला जातो.

कंपनीच्या कराराचं गणित याच्या शेजारी ठेवू. फी शून्य, पण वर्षभर पगार दरमहा 10 ने कमी, म्हणजे 120. वरवर पाहता 90 वाचले. पण त्यांचं प्रशिक्षण पूर्णवेळ आहे, त्यामुळे बिनपगाराचे चार महिने टळत नाहीत. 240, 30, 48 आणि 120 मिळून 438 जातात आणि 362 उरतात. म्हणजे स्वतः फी भरून, नोकरी सांभाळून शिकणं थोडं फायद्याचंच ठरतं, आणि वर्षभर बांधलेलेही राहत नाही. नवख्या ड्रायव्हरला पहिल्या वर्षात कंपनी बदलावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे. कधी फेऱ्या ठरल्यापेक्षा लांबच्या निघतात, कधी आठवड्याची सुट्टी कागदावरच राहते. तेव्हा सोडून जाण्याची मोकळीक मोलाची असते.

तुमच्या जवळपास अर्धवेळ शाळा नसेलच, तर करार करायला माझी हरकत नाही. मात्र त्यातलं एक कलम नीट वाचा. लवकर सोडल्यास परत करायची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते का? बाराव्या भागाने घटत असेल तर करार सुसह्य आहे. अकराव्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण फी मागणार असतील, तर सही करू नका. कंपनीनेच काढून टाकलं तर काय, आणि आजारपणामुळे वैद्यकीय प्रमाणपत्र गेलं तर काय, हेही लेखी घ्या.

शाळा निवडताना लायसन्सच्या वर्गावर काटकसर करू नका. एकसंध ट्रकपेक्षा ट्रेलर ओढण्याचं लायसन्स जास्त दारं उघडतं. अमेरिकेत ऑटोमॅटिक गाडीवर चाचणी दिली तर मॅन्युअल गिअरचा व्यावसायिक ट्रक चालवता येत नाही, तसं बंधनच लायसन्सवर येतं. असे नियम देशागणिक बदलतात, म्हणून तुम्हाला जिथे काम करायचं आहे तिथला नियम पाहून चाचणीची गाडी ठरवा. शाळा अधिकृत यादीत आहे का, हेही तपासा. अमेरिकेत 7 फेब्रुवारी 2022 पासून नोंदणीकृत संस्थेतून प्रशिक्षण घेतल्याशिवाय पहिल्यांदा व्यावसायिक लायसन्स घेणाऱ्याला ड्रायव्हिंगची चाचणी देता येत नाही. युरोपीय संघात व्यावसायिक ड्रायव्हरला सुरुवातीच्या पात्रतेनंतर दर पाच वर्षांत 35 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. तो आवर्ती खर्च कोण उचलणार, हे मुलाखतीतच विचारा.

पगाराच्या आकड्याकडे बघताना हिशेबनीसाचा चष्मा काढू नका. अनेक ठिकाणी पैसे अंतरावर मिळतात, आणि जाहिरातीतला आकडा चाकं फिरत असतानाचा असतो. समजा रोज 600 किलोमीटर, आठवड्याला पाच दिवस. कागदावर 3000 झाले. दोन दिवस गोदामाच्या दारात लोडिंगची वाट पाहण्यात अर्धा वेळ गेला, तर 2400 भरतात. तुमचा काहीही दोष नसताना मिळकत 20 टक्क्यांनी घटते. जास्त तास चालवून ती भरून काढू, असं मनात आणू नका. अमेरिकेत दिवसाला जास्तीत जास्त 11 तास चालवता येतं, तेही कामावर आल्यापासूनच्या 14 तासांच्या आत. युरोपीय संघात रोजची मर्यादा साधारण 9 तास आहे, साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि सलग दोन आठवड्यांत मिळून 90 तासांच्या वर जाता येत नाही. हे नियम जीव वाचवतात, आणि तुमच्या कमाईचं छतही ठरवतात. म्हणून कंपनीला तीन गोष्टी विचारा: थांबण्याच्या वेळेचे पैसे कधीपासून सुरू होतात, रिकाम्या गाडीच्या फेरीचे मिळतात का, आणि मागच्या वर्षी भरती झालेल्यांना महिन्याला सरासरी हातात किती पडले. मिळालेली रक्कम घराबाहेर काढलेल्या एकूण तासांनी भागा. आजच्या पगाराशी तुलना त्या आकड्याची करा.

हप्त्यावरच्या ट्रकला माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे. गाडी उभी असली तरी हप्ता उभा राहत नाही. टायर, इंजिनचं काम, इंधन, विमा, मालाचा मंदीचा काळ, सगळं तुमच्या अंगावर येतं. काम देणारी आणि गाडी हप्त्यावर देणारी कंपनी एकच असेल, तर तुमचं उत्पन्न आणि तुमचं कर्ज दोन्ही तिच्याच हातात जातं. तिने फेऱ्या कमी दिल्या की हप्ता थकतो, आणि भरलेले पैसे सोडून गाडी परत द्यावी लागते. अमेरिकेत सरकारने या प्रश्नासाठी नेमलेल्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सने जानेवारी 2025 च्या अहवालात अशा भाडे-खरेदी योजनांवर बंदीच घालावी, अशी शिफारस केली. दोन वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढा. कोणत्या मार्गावर माल मिळतो, कोण पैसे वेळेवर देतं, कुठला भाग कधी निकामी होतो, हे त्या काळात कळेल. तेव्हाही ट्रक घ्यायचा असेल, तर डाउन पेमेंट घराच्या बचतीला हात न लावता जमलेलं हवं आणि दुरुस्तीचा निधी वेगळा.

स्वयंचलित ट्रकबद्दलही तुम्ही विचारलं आहे. भीती निराधार नाही. 2025 मध्ये ऑरोरा कंपनीने टेक्सासात डॅलस ते ह्यूस्टन मार्गावर चालकाविना व्यापारी मालवाहतूक सुरू केली. तुम्हाला अजून वीसेक वर्षं काम करायचं आहे. माझ्या मते सरळ महामार्गावरची, एका गोदामातून दुसऱ्या गोदामात जाणारी फेरी आधी यंत्राकडे जाईल. टँकर, घातक रसायनं, अवजड यंत्रं, बांधकामाच्या जागा यांत माणूस जास्त काळ लागेल. त्यामुळे पहिल्या वर्षानंतर घातक मालाच्या वाहतुकीचं प्रमाणपत्र घ्या. बचतीतून पुढचा खर्च करायचा झाला तर तो यावर करा.

राहिला विमा. मुदत विमा तुमच्याकडे आहे, पण अपघाताने किंवा आजाराने काम थांबलं तर उत्पन्न भरून देणारं संरक्षण नाही. ड्रायव्हरला ते हिशेबनीसापेक्षा जास्त लागतं, कारण टेबलावरचं काम ज्या दुखण्यातही चालू ठेवता येतं, त्या दुखण्याने लायसन्स थांबू शकतं. जुन्या नोकरीतला गट-विमा राजीनाम्याबरोबर संपेल, त्याच्या आधी कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्य विमा सुरू झालेला हवा. आणि पेशा बदलल्याचं सध्याच्या विमा कंपनीला लेखी कळवा. हप्ता थोडा वाढला तरी चालेल. माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारला गेला, तर त्याची किंमत तुमची पत्नी आणि मुलं मोजतील.

या आठवड्यात डॉक्टरची वेळ घ्या, आणि दोन शाळांकडून अर्धवेळ वर्गाचं वेळापत्रक व फी परतीच्या अटी लेखी मागवा. कंपनीच्या कराराची प्रत मिळाली तर मला पाठवा. सही करण्याआधी तिच्यातलं परतफेडीचं कलम आपण एकत्र वाचू.