पंचाच्या खुर्चीतून थेट टीव्हीवर

प्रश्न : जुन्या बॉक्सिंग फाइट्समध्ये एक माणूस मधेच येऊन मोठ्या आवाजात स्वतःचा स्कोअर सांगतो, तो कोण? रेफरी, जज लोक पुढे टीव्हीवर जातात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, ते हॅरॉल्ड लेडरमन! रिंगमधले रेफरी नव्हेत, रिंगशेजारी बसून पॉइंट देणारे जज. न्यूयॉर्कचे, आणि पेशाने चक्क फार्मासिस्ट, म्हणजे औषधाचं दुकान सांभाळून बॉक्सिंग. 1967 पासून जजिंग करत होते, आणि 1976 ला यँकी स्टेडियममध्ये मुहम्मद अली आणि केन नॉर्टनची तिसरी फाइट झाली ना, तिथे स्कोअर देणाऱ्या तिघांपैकी एक हेच, 15 राउंडपैकी 8 अलीला 7 नॉर्टनला, इतकं घासून, त्या निकालावर लोक आजही भांडतात. मग 1986 ला एचबीओ या अमेरिकन टीव्ही चॅनेलने त्यांना घेतलं. काम एवढंच, फाइट चालू असतानाच आपलं स्कोअरकार्ड उघडं करायचं आणि का ते सांगायचं. राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9, खाली पडला तर बहुतेकदा 8. कॅमेऱ्यात बघून "ओके जिम!" असं जवळजवळ ओरडूनच सुरुवात करायचे (जिम म्हणजे कॉमेंटेटर जिम लॅम्पली), आणि क्लीन पंच, अंगावर जाणं, रिंगवरचा ताबा, डिफेन्स हे चार निकष घडाघडा म्हणायचे. मला तर स्कोअरिंग त्यांच्यामुळेच कळलं, खरंच. 2018 ला एचबीओने बॉक्सिंग बंद केलं तोवर ते होते, 2019 च्या मे महिन्यात गेले. मुलगी ज्युली पण जजच आहे.