'पिक हिम अप', पण 'लुक आफ्टर हिम' : असं का?

प्रश्न असा आहे : इंग्रजीत 'पिक अप द चाइल्ड' चालतं, मग 'पिक अप हिम' का चालत नाही? आणि ते चूक असेल, तर 'लुक आफ्टर हिम' बरोबर कसं?

याचं उत्तर शाळेत शिकलेल्या मराठी व्याकरणात आहे. 'तो वर गेला' आणि 'तो टेबलावर चढला'. पहिल्या वाक्यातलं 'वर' हे क्रियाविशेषण, दुसऱ्यातलं शब्दयोगी अव्यय. मराठीत शब्दयोगी नामाला जोडूनच लिहितात, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. इंग्रजीतले अप, ऑफ, ओव्हर, थ्रू हे शब्द दोन्ही कामं करतात आणि दोन्ही वेळा सुटेच लिहिले जातात. सगळा घोळ इथे होतो.

'लुक आफ्टर'मधलं 'आफ्टर' शब्दयोगी आहे. मराठीत शब्दयोगी नामानंतर येतं, इंग्रजीत आधी. म्हणून 'हिम'ची जागा 'आफ्टर'नंतरच, ती हलत नाही. 'पिक अप'मधलं 'अप' मात्र क्रियाविशेषण. 'चाइल्ड' हे 'पिक'चं कर्म आहे, 'अप'शी त्याचा संबंध नाही. म्हणूनच 'पिक द चाइल्ड अप' असंही म्हणता येतं.

मग सर्वनाम मध्येच का हवं? इंग्रजी वाक्याचा भर शेवटाकडे असतो, नवी माहिती तिकडे जाते. 'हिम', 'इट' हे आधीच ठाऊक असलेल्याबद्दलचे शब्द, उच्चारातही हलके. ते मध्ये बसतात आणि आघात शेवटच्या शब्दावर पडतो : 'टर्न इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर येतो. 'लुक अ‍ॅट इट'मध्ये तो 'लुक'वर राहतो. कर्म लांबलचक असेल तर उलट होतं. 'टर्न ऑफ ऑल द लाइट्स यू आर नॉट यूझिंग' हेच सहज वाटतं. तिथे 'ऑफ' शेवटी ढकलला, तर ऐकणारा त्याची वाट पाहत बसेल.

कधीकधी एवढ्याशा जागाबदलाने अर्थच पालटतो, आणि मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. 'सी थ्रू हिम' म्हणजे त्याचं ढोंग ओळखणं. 'सी हिम थ्रू' म्हणजे त्याला अडचणीतून पार पडायला मदत करणं. 'गेट ओव्हर इट' म्हणजे धक्क्यातून सावरणं; 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे नकोसं काम एकदाचं उरकून टाकणं. शब्द जवळपास तेच, पण 'थ्रू' आणि 'ओव्हर' यांची जात बदलली.

अर्थ मात्र नियमाने काढता येत नाहीत, ते पाठच करावे लागतात. सॅम्युएल जॉन्सनने 1755च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतही नोंदवलं होतं की, परभाषकांना सर्वांत जड जातात ती अशी जोडक्रियापदं.

तीन शब्दांच्या प्रयोगांत बहुधा मधला शब्द क्रियाविशेषण आणि शेवटचा शब्दयोगी असतो : 'पुट अप विथ', 'कॅच अप विथ'. कर्म शेवटी येतं, सर्वनाम असलं तरी. 'लुक फॉरवर्ड टू'मधलं 'टू'ही शब्दयोगीच, म्हणून पुढे 'मीटिंग यू'. 'मीट यू' चूक. आणि 'कोप अप विथ' हा प्रयोग 'पुट अप विथ', 'कीप अप विथ' यांच्या सहवासाने रूढ होऊ पाहतोय, पण प्रमाण इंग्रजीत नुसतं 'कोप विथ' आहे.

नवा प्रयोग वहीत उतरवताना तो कर्मासकट उतरवा : 'गिव्ह अप' नको, 'गिव्ह इट अप' लिहा; 'रन इंटू' नको, 'रन इंटू हिम' लिहा. विद्यार्थ्यांसाठीचे चांगले इंग्रजी कोशही कर्माची जागा दाखवतात. अर्थ पाहायला कोश उघडलात की तीही पाहून घ्या.