शाळेत चित्रकला, गाणं, नाटक शिकून मुलांना नेमकं काय मिळतं?

तुमची मुलगी आठवीत आहे, चित्रकला आणि शाळेचं नाटक यांत तिचा बराच वेळ जातो. दहावी तोंडावर आल्यामुळे हे आता बंद करावं का, आणि मुळात शाळेत कला शिकून काय मिळतं, असं तुम्ही विचारलंय.

बंद करू नका, असंच मी म्हणेन. मी कोल्हापुरात चित्रकला शिकवतो, आणि जे रोज बघतो त्यावरून सांगतोय.

आधी एक समज बाजूला ठेवूया. चित्रं काढल्यानं गणित सुधारतं, पेटी शिकल्यानं बुद्धी तल्लख होते, असं सांगून क्लासच्या जाहिराती होतात. त्यावर विसंबू नका. एलेन विनर आणि लोइस हेटलँड या हार्वर्डमधल्या दोन संशोधकांनी २००० साली तोवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. कलेमुळे शाळेतले मार्क वाढतात याला भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. वर्गात नाटक करणाऱ्या मुलांची भाषा मात्र सुधारलेली दिसली. पुढे अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहरात ४२ शाळा घेऊन त्यांतल्या काहींना चिठ्ठ्या टाकून जादा कलाशिक्षण दिलं गेलं. तिथं बेशिस्तीच्या तक्रारी कमी झाल्या, मुलांचं लेखन सुधारलं, दुसऱ्याविषयीची कणव वाढली. गणितात फरक पडला नाही. म्हणजे गणितासाठी गणितच करायला हवं. कला शिकायची ती तिच्यातून जे मिळतं त्यासाठी.

ते काय, हे वस्तुचित्राच्या तासाला दिसतं. स्टुलावर एक तांब्या ठेवायचा आणि पोरांना म्हणायचं, काढा. जवळजवळ सगळी मुलं तांब्याचं तोंड पूर्ण गोल काढतात आणि बूड सरळ रेषेत. का? तोंड गोल असतं हे त्यांना ठाऊक आहे, आणि तांब्या सपाट जागेवर बसतो हेही ठाऊक आहे. समोर जे दिसतंय ते कुणी काढतच नाही, ठाऊक असलेलं काढतात. मग एक डोळा मिटायचा, हात ताठ करून पेन्सिल आडवी धरायची, माप घ्यायचं. तोंड लंबगोल दिसतंय, बुडालाही बाक आहे, आणि तो तोंडाच्या बाकापेक्षा जास्त आहे, हे हळूहळू ध्यानात येतं. पोरं आपणच खोडतात आणि पुन्हा काढतात. ‘मला माहीत आहे’ आणि ‘मला दिसतंय’ यातला फरक तेरा वर्षांच्या मुलाला इतक्या थेट दाखवणारा दुसरा तास मला तरी वेळापत्रकात सापडत नाही. शिवाय पहिल्या बाकावरच्या मुलाचा तांब्या आणि खिडकीजवळच्या मुलीचा तांब्या वेगळे दिसतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

नाटकाचं तसंच. तीन वाक्यांची भूमिका असलेल्या मुलालाही तालमीत पूर्ण प्रवेशभर कान देऊन उभं राहावं लागतं, नाहीतर त्याचं वाक्य चुकतं. समोरचा विसरला तर सांभाळून घ्यावं लागतं. न ओरडता शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागतो. पुढं तोंडी परीक्षेत, मुलाखतीत, गावच्या सभेत हेच तर लागतं.

आता तुम्ही म्हणाल, कोल्हापूर कलानगरी, इथं शाळेबाहेरही शिकता येईल की. पूर्वी ते खरं होतं. चित्रकार आणि सिनेमाकार बाबूराव पेंटर कारागिरांच्या घरातले, शालेय शिक्षण बेताचंच. घरातल्या कामावर हात तयार झाला. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. १९१६ साली आनंदराव गेल्यावरही नेट न सोडता स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा सिनेमा पडद्यावर आणला. त्यांच्याच सिनेमा कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम घडले आणि १९२९ साली इथंच त्यांची ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी राहिली. त्या सगळ्यांना शिकवलं ते घरानं, कारखान्यानं आणि कंपनीनं. त्या वाटा आता जवळपास बुजल्या आहेत. खासगी क्लास आहेत, पण फी परवडेल त्याच्यासाठी. रिक्षावाल्याची मुलगी आणि डॉक्टरचा मुलगा एकाच वर्गात एकच तांब्या काढतात, ही जागा आज फक्त शाळा आहे. म्हणून मला शाळेतला तास इतका मोलाचा वाटतो, आणि परीक्षा जवळ आली की तोच तास गणिताला देऊन टाकतात तेव्हा मनापासून वाईट वाटतं.

मार्कांचंही सांगतो, कारण तुमची काळजी खरी आहे. शासकीय रेखाकला परीक्षेतली इंटरमिजिएट पास झाली तर दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. मुलीची त्याआधीची एलिमेंटरी परीक्षा झाली नसेल तर ती आताच उरकावी आणि इंटरमिजिएट नववीत द्यावी, म्हणजे दहावीचं वर्ष मोकळं राहतं. दहावीत नाटकाच्या तालमी कमी केल्या तर चालेल, पण आठवड्यातला एखादा तास हातात पेन्सिल असू द्या.

सुट्टीच्या दिवशी तिला टाऊन हॉलच्या संग्रहालयात न्या, तिथं आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. दसरा चौकातल्या शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शनं भरतात, तिथं चित्रकार स्वतः हजर असतो आणि मुलांनी काही विचारलं तर आनंदानं बोलतो. देवल क्लबची मैफल असेल तर तीही ऐकवा. १८८३ पासूनची संस्था आहे ती.

आणि पुढच्या पालकसभेत एक प्रश्न जरूर विचारा: शाळेत कलाशिक्षक आहेत का, आणि वेळापत्रकातला चित्रकलेचा तास खरोखर होतो का? शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, असायला हवा. दोन-चार पालकांनी मिळून विचारलं तर शाळेला उत्तर द्यावंच लागतं.