दोन इम्प्लांट की आठ? दारव्हा तालुक्यातल्या पत्राला उत्तर

एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले 63 वर्षांचे एक वाचक लिहितात: ‘पायरियानं खालचे दात तं सारे गेले, वरचे पाच उरले, तेही हालून रायले. नागपूरच्या दवाखान्यानं दोन्ही जबड्यांत चार-चार इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) टाकून फिक्स दातांचे 5,60,000 सांगितले. सहा-सहा टाकले तर 7,40,000. 31 तारखेच्या आत ठरवलं तर 40 हजार सूट. यवतमाळचे डॉक्टर म्हणतात, खाली दोन इम्प्लांट टाकून त्यावर काढ-घालीची कवळी, 95,000. वर साधी कवळी, 18,000. जावई म्हणतात, दोन्हीकडे साधी कवळी करा अन् मोकळे व्हा. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत 6 लाख आहेत, तीन वर्षं झाली. बँकेत 1,20,000 ची एफडी. पेन्शन 3,200. चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. हुरड्याच्या दिवसात सारे खातात, मी नुसता पाहतो. काय करू?’

भाऊ, हुरड्याची ओळ वाचली आणि जावयाचा पर्याय मी आधीच बाजूला ठेवला. साधी कवळी वर बरी बसते, टाळूला चिकटून राहते. खाली तिला धरायला काही नसतं. जीभ हलली की तीही हलते. त्यात खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या साधारण चौपट वेगानं झिजतं, म्हणजे आज घट्ट वाटणारी कवळी काही वर्षांनी डबीत पडून राहते. अशा डब्या मी बऱ्याच घरी पाहिल्या आहेत. तेव्हा खालच्या जबड्यावर पैसा घालणं ही चैन नाही. प्रश्न फक्त किती घालायचा, आणि कुठल्या खिशातून, हा आहे.

नागपूरचा कागद तुम्ही सोबत पाठवलात ते बरं केलं. 2,60,000 रोख, उरलेल्या 3 लाखांना 36 हप्ते, व्याज 14 टक्के, हप्ता 11,833. या आकड्यावर मी अडकलो. घटत्या शिल्लकीवर 14 टक्के असते तर हप्ता 10,253 आला असता. 11,833 येतो तो फ्लॅट दरानं: तुम्ही दरमहा मुद्दल फेडत जाता, पण व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण 3 लाखांवरच मोजलं जातं. खरा दर 24 टक्क्यांच्या वर जातो आणि तीन वर्षांत 1,26,000 नुसतं व्याज जातं. 40 हजारांची सूट यापुढे काय ती! 1 ऑक्टोबर 2024 पासून बँक असो की फायनान्स कंपनी, अशा कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं आणि त्यात वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. ते मागा. दवाखान्यातली रिसेप्शनवरची मुलगी देणार नाही, कर्ज देणारी कंपनी देईल.

आता रोख रकमेचं पाहू. पोस्टातले 6 लाख 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 12,300 देतात, म्हणजे महिन्याला 4,100. पेन्शन धरून शेतीबाहेरची तुमची मिळकत 7,300. खातं एकच असेल तर त्यातले थोडे काढता येत नाहीत, पूर्ण बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटून गेल्यामुळे 1 टक्का, म्हणजे 6,000 कापले जातील. हातात 5,94,000. त्यातले 2,60,000 दवाखान्यात गेले आणि उरलेले 3,34,000 पुन्हा त्याच दरानं ठेवले, तर महिन्याला 2,280 आणि पेन्शन मिळून 5,480 होतात. हप्ता 11,833. कर्जच नको म्हणून सगळं रोख दिलं तर हाती 34,000 आणि पेन्शनचे 3,200. दात भक्कम बसतील, पण भाकरीचं काय?

पीककर्ज बिनव्याजी पडतं, ते वापरू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं हे खरं, पण मुदतीत फेडलं तरच. तो पैसा तोंडात गेला की जूनमध्ये बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर येणार, आणि त्या उधारीचं व्याज कुठल्याच कागदावर नसतं. एका वर्षी बोंडअळी आली की सवलतही जाते. नको.

मी यवतमाळच्या डॉक्टरांच्या बाजूचा आहे. खाली पुढच्या भागात दोन इम्प्लांट आणि त्यावर टिचबटणासारखी बसणारी कवळी. दंतवैद्यकात 2002 पासून, एकही दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी किमान इतकं तरी करावं असं मानणारं मोठं मत आहे, म्हणजे ही गरिबांची तडजोड नव्हे. वर ते पाच दात काढायचेच का, हे डॉक्टर ठरवतील. काढले तर साधी कवळी. फिक्स दातांइतका जोर येणार नाही, रात्री काढून ठेवावी लागेल. पण हुरडा खाता येईल अशी माझी आशा आहे. कडक रोडग्याचा शब्द मी देत नाही.

पैसा टप्प्यानं जातो हा यातला माझा आवडता भाग. इम्प्लांट हाडात मुरायला खाली तीन-चार महिने लागतात. तेव्हा शस्त्रक्रियेच्या वेळी निम्मे, कवळी बसताना निम्मे असं लिहून घ्या. पहिले 55 हजार एफडीतून, उरलेले 58 कापसाच्या चुकाऱ्यातून. पहिली वेचणी झाली की शस्त्रक्रिया, गुढीपाडव्याच्या आसपास कवळी. एफडीत 65 हजार राहतात. ते घरातल्या आजारपणासाठी, त्यांना हात लावायचा नाही. बटणातली नायलॉनची वळी वर्षा-दीड वर्षानं झिजतात, तो किरकोळ खर्च धरून चाला. इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर मात्र मागून फाइलला लावा. कंपनी आणि माप त्यावर असतं. उद्या डॉक्टर गाव सोडून गेले तर दुसऱ्याला नेमका तोच भाग मागवावा लागतो, आणि स्टिकर नसेल तर तो शोधण्यातच पैसे जातात.

नागपूरवाल्यांना एक गोष्ट तरी विचारा: 5,60,000 मध्ये पहिल्या दिवशी लागणारे तात्पुरते ॲक्रिलिकचे दातच आहेत, की नंतरचे कायमचेही? कागदावर नुसतं ‘फिक्स दात’ लिहिलंय. त्या एका शब्दात लाखभराचा फरक लपू शकतो.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं ते मिश्रण. ‘दिवसाला दोन, पन्नास रुपयांचे’ असं तुम्ही कंसात लिहिलंत, जणू ते हिशेबात नाहीच. वर्षाला 18,250 होतात. वरच्या कवळीचे पैसे त्यातच निघतात. पण खरा तोटा वेगळा. तंबाखूनं हिरडी भरून यायला वेळ लागतो आणि इम्प्लांट निकामी व्हायचा धोका वाढतो. सुपारीनं तोंड उघडणं कमी झालं असेल तर मागच्या बाजूला अवजार शिरतच नाही. तुमची दोन बोटं उभी तोंडात सहज जातात का, तेवढं पाहून डॉक्टरांना सांगा. निकामी झालेल्या इम्प्लांटला वॉरंटी असली तरी ती बहुधा नुसत्या स्क्रूची असते. शस्त्रक्रिया आणि कवळीचा खर्च पुन्हा तुमचाच. खर्रा सोडणार नसाल तर माझा सल्ला बदलतो: मग जावयांचं ऐका, आणि इम्प्लांटचे पैसे एफडीतच असू द्या. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखरही तपासून घ्या.

ठरवण्याआधी एक दुसरं मत घ्या. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथलं दंत महाविद्यालय. खेपा जास्त पडतील, पण तिथं कोणी 31 तारखेची भीती घालत नाही. जबड्याचा थ्रीडी एक्सरे, म्हणजे सीबीसीटी, एकदाच काढा आणि त्याची सीडी सगळीकडे न्या.

दोन वर्षांनी पोस्टातलं खातं पिकेल. तेव्हा ते 6 लाख एकाच खात्यात न ठेवता दोन-दोन लाखांच्या तीन खात्यांत ठेवा, म्हणजे पुढं एकच मोडता येईल. टिचबटणाची कवळी तोवर नकोशी झाली असेल तर आणखी दोन इम्प्लांट वाढवून खालचे दात फिक्स करायचे का, ते तेव्हा बघू. आजचे दोन त्या बेतानं बसवता येतील का, हे मात्र यवतमाळच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.