मेडिकल कोडिंग शिकून दुबईला यायचंय? मग आधी मुंबईत चार्ट वाच

तू विचारलंस ते थोडक्यात असं: बी.फार्म. झालंय, घर डोंबिवलीला, ठाण्यातला एक क्लास म्हणतोय की सहा महिन्यांत मेडिकल कोडिंग शिकवू आणि दुबईत नोकरी लावून देऊ. आई-बाबा पैसे भरायला तयार आहेत. हॉस्पिटलचं कोडिंग घ्यावं की क्लिनिकल रिसर्चचं, आणि कोर्स झाल्या झाल्या निघावं का?

लगेच निघू नकोस गं. आधी मुंबईत दोन वर्षं काम कर, मग ये. मी ऐरोलीत हेच काम करून इथे आले आणि आता दुबईत एका हॉस्पिटलच्या क्लेम विभागात, म्हणजे विमा कंपनीकडे बिलं पाठवणाऱ्या विभागात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पेशंटचा चार्ट, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून प्रत्येक आजाराला, तपासणीला, ऑपरेशनला ठरलेला कोड लावायचा, आणि त्या कोडवर विमा कंपनी पैसे देणार, हे हॉस्पिटल कोडिंगचं मूळ काम. अमेरिकेत आजारांसाठी १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम वापरतात, डॉक्टरांच्या सेवांसाठी सीपीटी, आणि साहित्य, इंजेक्शनं वगैरेंसाठी एचसीपीसीएस. अमिरातीतही हेच संच चालतात. म्हणूनच मुंबईत अमेरिकन हॉस्पिटलांच्या कोडिंगच्या प्रोजेक्टवर बसलेल्या मुलीला इथे नव्याने अक्षरं गिरवावी लागत नाहीत. पण शेजारच्या सौदीत ऑस्ट्रेलियाचा आयसीडी-१०-एएम चालतो, ब्रिटनमध्ये ऑपरेशनांसाठी ओपीसीएस-४ आहे आणि कॅनडाने स्वतःची वेगळी आवृत्ती केली आहे. तेव्हा आधी देश ठरव, मग कोर्स. क्लासवाले हा क्रम उलटा करतात.

आता कामात खरी मेख कुठे आहे ते एका चार्टवरून बघ. पेशंट ओपीडीत आलाय. डॉक्टरांनी तीन वेगळ्या ओळींत लिहिलंय: डायबेटीस, हायपरटेन्शन (रक्तदाब), सीकेडी (किडनीचा जुना आजार) स्टेज ३. खाली औषधांत मेटफॉर्मिन, डायबेटीसची गोळी. नवशिकी मुलगी तीन ओळींना तीन सुटे कोड लावते आणि पुढच्या चार्टकडे वळते. पण नियमावली सांगते की डायबेटीस आणि किडनीचा जुना आजार एकत्र आले, तर डॉक्टरांनी 'संबंध नाही' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तोवर ते जोडलेलेच धरायचे. रक्तदाब आणि किडनीचंही तसंच. टाइप लिहिला नसेल तर टाइप २ धरायचा. म्हणजे कोड होतात डायबेटीस-किडनीचा ई११.२२, रक्तदाब-किडनीचा आय१२.९, किडनीची स्टेज सांगणारा एन१८.३०, आणि मेटफॉर्मिन कायम चालू असल्याचा झेड७९.८४. सुटा रक्तदाबाचा आय१० इथे लागतच नाही. हे पुस्तकात एकदा वाचून अंगात मुरत नाही. असे शेकडो चार्ट हाताखालून गेले की डोळा आपोआप त्या ओळी जोडायला लागतो.

आणि तू फार्मसीची, म्हणून तुला एक गोष्ट मुद्दाम सांगते. औषध बघून आजार ओळखायची तुझी सवय इथे आवरावी लागेल. मेटफॉर्मिन पीसीओएसमध्येही, म्हणजे बायकांच्या हार्मोनच्या त्रासातही देतात. चार्टमध्ये डायबेटीस लिहिलेला नसेल तर नुसत्या गोळीवरून तो लावता येत नाही; डॉक्टरांना क्वेरी टाकायची, उत्तराची वाट बघायची. तसंच ओपीडीच्या कागदावर 'हार्ट अटॅकची शंका' असेल तर अमेरिकन नियमाप्रमाणे हार्ट अटॅक कोड करायचा नाही, छातीत दुखण्याचाच करायचा. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. घाईघाईत लावलेला एक कोड त्या माणसाच्या विम्याच्या नोंदीत वर्षानुवर्षं राहतो. ज्याला कधी अटॅक आलाच नाही तो पुढे का म्हणून त्याची उत्तरं देत बसेल?

इथे, दुबईत, चूक झाली की ती फार लवकर अंगावर येते. मुंबईत तुझं काम तपासणारा ऑडिटर असतो, बहुतेक ठिकाणी ९५ टक्के अचूकता मागतात, चुकलीस तर फीडबॅक मिळतो. इथे क्लेम विमा कंपनीकडून नाकारला जाऊन परत येतो, हॉस्पिटलचे पैसे अडकतात, आणि डॉक्टर समोर येऊन विचारतात की हा कोड का लावला. तिथे 'क्लासमध्ये असंच शिकवलं होतं' हे उत्तर चालत नाही. शिकाऊ माणसाला सांभाळून घ्यायला इथल्या विभागांत सहसा कुणाला वेळ नसतो. ती सोय मुंबईत आहे, तिचा पुरेपूर फायदा घे.

सर्टिफिकेट लागतंच, त्याबद्दल वाद नाही. एएपीसी या कोडरांच्या अमेरिकन संस्थेचं सीपीसी घे: १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. कोडची पुस्तकं समोर ठेवून द्यायची परीक्षा आहे, त्यामुळे पाठांतरापेक्षा पुस्तकात झटकन हवं ते सापडणं महत्त्वाचं. मात्र अनुभव नसताना पास झालीस की नावापुढे सीपीसी-ए लागतं, म्हणजे शिकाऊ. ते 'ए' काढायला कामाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि इथे बायोडेटा चाळताना आधी नजर त्या 'ए'वरच जाते. क्लासला फी भरण्याआधी एवढंच विचार: शिकवणाऱ्याने स्वतः प्रोजेक्टवर काम केलंय का, आणि नोकरी लावून देतात ती कोडिंगचीच का? कोडिंगच्या नावाखाली एआर कॉलिंगला बसवतात, म्हणजे रात्रपाळीत अमेरिकन विमा कंपन्यांना फोन करून थकलेल्या पैशांचा पाठपुरावा. ते काम प्रामाणिक आहे, पण त्याने कोडर होत नाही. कोडिंग बहुधा दिवसपाळीचं असतं; मुलाखतीत शिफ्ट विचारलीस की बरंच कळतं.

आता क्लिनिकल रिसर्चचं कोडिंग. नाव तेच, धंदा वेगळा. इथे बिल नाही, विमा नाही. औषधाची चाचणी चालू असताना पेशंटला जे जे होतं ते चाचणी घेणारा डॉक्टर आपल्या शब्दांत लिहितो आणि तू ते मेडड्रा या कोशातल्या ठरलेल्या संज्ञेला जोडतेस. कोशाला पाच पातळ्या आहेत, सगळ्यात वर २७ अवयवसंस्थांचे गट, आणि दरवर्षी मार्च व सप्टेंबरमध्ये नवी आवृत्ती येते. 'डोकेदुखी आणि उलटी' असं एका ओळीत आलं तर ते दोन वेगळे त्रास म्हणून नोंदवले जातील असं बघायचं. नुसतं 'एमआय' लिहिलं असेल तर ते हृदयविकाराचा झटका की मायट्रल झडपेची गळती, हे आपण ठरवायचं नाही, हॉस्पिटलला विचारायचं. चाचणीत दहा ठिकाणचे डॉक्टर एकच त्रास दहा प्रकारे लिहितात. तो एका संज्ञेखाली आला नाही तर औषधाचा धोका आकड्यांत विखुरला जातो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

पेशंट आधीपासून घेत असलेल्या औषधांसाठी स्वीडनमधल्या उप्साला केंद्राचा डब्ल्यूएचओ-ड्रग कोश वापरतात, आणि इथे तुझं बी.फार्म. सोन्यासारखं कामी येईल. ॲस्पिरिन दुखण्यासाठी दिली की रक्त पातळ ठेवायला, त्यावर तिचा वर्ग बदलतो. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम ही आपली नावं वाचून आत कोणतं द्रव्य आहे ते तुला विचारावं लागणार नाही.

माझं मत विचारशील तर तुझ्या शिक्षणाला दुसरं, म्हणजे क्लिनिकल रिसर्चचं काम जास्त शोभतं. पण ते परदेशाचं तिकीट नाही, कारण परदेशी कंपन्यांचं हे काम बऱ्याच अंशी भारतातच चालतं. मुंबईत, पुण्यात, बंगळुरूत बसून करता येतं. घराजवळ राहून चांगलं करिअर करायचं असेल तर ते घे. दुबईच हवी असेल तर हॉस्पिटल कोडिंग. दोन्हींचा एकत्र कोर्स विकणाऱ्याकडे मात्र जाऊ नकोस.

कागदपत्रांचं काम मुंबईत असतानाच उरकून घे. डिग्रीचं ॲटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचा सरकारी शिक्का, आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग अमिरातीच्या वकिलातीतून, आणि शेवटी इथल्या परराष्ट्र खात्याकडून. मूळ डिग्री अजून विद्यापीठातून आणली नसशील तर आजच अर्ज कर, सगळं तिथे अडतं. व्हिजिट व्हिसावर येऊन काम सुरू करायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हण. वर्क परमिटशिवाय काम करणं इथे बेकायदा आहे. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कायद्याने मालकाने करायचा असतो, तो तुझ्याकडून मागणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नकोस, मग तो कितीही ओळखीतला असो.

ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी मला पाठव. मी दोन आकडे बघेन. एक, एकूण पगारात बेसिक किती, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिली ५ वर्षं दरवर्षी २१ दिवसांच्या हिशेबाने. दुसरा, प्रोबेशन, ते ६ महिन्यांपेक्षा जास्त लिहिलं असेल तर आधी दुरुस्त करून मागायचं.