दिवाळीत अंदमान? काकू, जरा थांबा

प्रश्न : नातवंडांना पहिल्यांदा समुद्र दाखवायचाय, तोही अंदमानचा. मुलगा म्हणतो दिवाळीच्या सुट्टीत जाऊ, सून म्हणते मेअखेरीस. तुम्ही दोनदा जाऊन आलात म्हणून विचारते, कोणता महिना बरा?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : काकू, यावेळी दोघांचंही ऐकू नका.

आपल्या इंदुरात पाऊस जूनच्या मध्यावर येतो. अंदमानात तो मेच्या तिसऱ्या आठवड्यातच हजर. म्हणजे सूनबाईंचा बेत नेमका पहिल्या सरींत सापडणार. आणि दिवाळीचं म्हणाल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, वादळंही होतात. कधी हे डिसेंबरपर्यंत लांबतं: डिसेंबर 2016 मध्ये अशाच वादळामुळे हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) अडकले होते.

मी स्वतः पहिल्यांदा भाऊबीज आटोपून गेले होते. हॅवलॉकला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी बोटी बंद. दोन दिवस खोलीत मेंढीकोट, खायला इंदूरहून नेलेली लसणाची शेव, तीही दमट हवेत मऊ पडलेली. पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) परतलो तरी पाऊस होताच, म्हणून सेल्युलर जेल दोनदा पाहिलं. सात इमारतींपैकी तीनच उरल्यात, तरी तिथं पाय जड होतात. पण पोरांना दाखवायचाय समुद्र, आणि तो राखाडी, गढूळ! पाण्याखालचं प्रवाळ काही दिसलं नाही.

दुसऱ्यांदा मार्चमध्ये गेले. पाणी इतकं निवळ की गुडघाभर पाण्यात पायाची नखं दिसत होती. तुम्हीही तेव्हाच जा. पोरांच्या परीक्षा मार्चच्या मध्याला संपतात, नवं सत्र एप्रिलला. मधले आठ-दहा दिवस तुमचे. फक्त तिकिटं काढण्याआधी रंगपंचमी कधी आहे ते बघा. गेर, म्हणजे आपली रंगपंचमीची मिरवणूक, बुडवून नेलंत तर पोरं विमानातही रुसून बसतील! फेब्रुवारी त्याहून सुखाचा, उकाडा कमी. पण तो आम्हा शाळा सुटलेल्यांसाठी.

एक गोष्ट आपल्या माळव्याच्या डोक्यात येत नाही, ती भरती-ओहोटी. नील बेटावरचा (आताचं शहीद द्वीप) निसर्गानंच घडवलेला दगडी पूल ओहोटीलाच जवळून बघता येतो. आम्ही जेवून, वामकुक्षी काढून गेलो तर वाट पाण्याखाली. हॉटेलवाल्याला आदल्या रात्रीच वेळ विचारून ठेवा. शिवाय तिथं घड्याळ आपलंच, पण सूर्य लवकर मावळतो: मार्चमध्ये साडेपाचच्या सुमाराला. पोह्यांसाठी नऊपर्यंत लोळत राहिलात तर अर्धा दिवस गेला समजा.

आणि बेटावरून परतायची बोट व परतीचं विमान एकाच दिवशी ठेवू नका, मधे एक रात्र पोर्ट ब्लेअरला काढा. शेव न्याच, पण घट्ट झाकणाच्या डब्यात.